पर्यावरणीय न्यायाचा नकाशा बनवायचाय? सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे वाचा

प्रदूषण सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, धुराड्याखाली राहणाऱ्याला ते रोज नाकानेच कळतं. पण "आमच्याकडेच का?" हा प्रश्न घेऊन तो माणूस ऑफिसात गेला की समोरून येतं "पुरावा काय?", आणि इथे भूगोलाचे लोक कामाला येतात. कोण कुठे राहतं आणि घाण कुठे टाकली जाते या दोन गोष्टी एकाच कागदावर आणायच्या, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक पायरीवर असा एखादा निर्णय असतो की तो बदलला तर निकालच उलटतो. नवीन माणसाला सॉफ्टवेअरची भीती वाटते, खरं तर ते आठवड्याभरात जमतं. भीती वाटायला हवी ती सीमारेषेची, पुढे येईलच ते.

थोडी पार्श्वभूमी. पर्यावरणीय न्यायाचं, म्हणजे प्रदूषणाचा त्रास कुणाच्या वाट्याला जास्त येतो हे तपासण्याचं, हे क्षेत्र अमेरिकेत उभं राहिलं. १९७९ मध्ये ह्यूस्टनमध्ये एका लँडफिलच्या (कचरा पुरायच्या जागेच्या) विरोधात केस चालू होती आणि रॉबर्ट बुलार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या कचऱ्याच्या जागा एकेक करून नकाशावर मांडल्या. तेव्हा कसलं जीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) न् कसलं काय, जुने रेकॉर्ड, नकाशा आणि पायपीट. निघालं असं की शहराच्या मालकीची पाचच्या पाच लँडफिल कृष्णवर्णीय वस्त्यांत आणि ८ पैकी ६ इन्सिनरेटरही (कचरा जाळायच्या भट्ट्या) तिथेच. केस हरली, पण पद्धत राहिली. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत पीसीबी नावाची विषारी रसायनं मिसळलेली माती पुरण्यावरून मोठं आंदोलन झालं, ५०० च्या वर लोकांना अटक झाली, आणि त्यानंतर विषय देशभर गेला. म्हणून पुढची उदाहरणं बरीचशी तिकडची आहेत, पद्धत मात्र कुठेही चालते.

पायरी १: एकच प्रश्न, तोही एका वाक्यात

"आमच्या शहरातलं प्रदूषण दाखवायचंय" हा प्रश्न नाही, हा विषय झाला. प्रश्नात तीन गोष्टी लागतात: त्रास कसला, कुणाला, आणि कुणाच्या तुलनेत. उदा. "घातक कचऱ्याच्या जागेपासून दीड किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये गरीब कुटुंबांचं प्रमाण बाकीच्या शहरापेक्षा जास्त आहे का?" आता बघा, यातून डेटा कुठला लागेल, अंतर किती घ्यायचं, तुलना कशाशी, सगळं आपोआप ठरलं. आणि उत्तर "नाही" येऊ शकतं अशी वाक्यरचना असली पाहिजे. ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त "हो"च येऊ शकतं त्याचा नकाशा समोरचा वकील पाच मिनिटांत फाडतो.

पायरी २: आधी माणसं, मग डेटा

बरेच जण हे शेवटी करतात. नकाशा छापून झाल्यावर वस्तीत मीटिंग घ्यायची आणि "कसा वाटला?" विचारायचं. उलटं करा. १९६० च्या दशकाच्या शेवटी डेट्रॉइटमध्ये विल्यम बंगी हे भूगोलाचे प्राध्यापक ग्वेंडोलिन वॉरन या तिथल्याच तरुण कार्यकर्तीसोबत काम करत होते. त्यातून जे नकाशे निघाले त्यातला एक फार गाजला: उपनगरातून डाउनटाउनला ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांखाली वस्तीतली कृष्णवर्णीय मुलं कुठे कुठे मेली, त्याचा नकाशा. विषय कुठून आला? वस्तीतून आला. युनिव्हर्सिटीत बसून कुणाला हा नकाशा सुचला नसता, आणि पोलिसांकडची माहिती काढायला पण ओळखीपाळखी लावाव्या लागल्या कारण सरळ मागून ती मिळत नव्हती.

मीटिंगसाठी वस्तीचा मोठा प्रिंट काढा, टेबलभर पसरेल एवढा, आणि त्यावर रस्त्यांच्या नावांसोबत लोक ज्या खुणा वापरतात त्या टाका, शाळा, बसस्टॉप, पाण्याची टाकी, कारण फक्त सॅटेलाइट फोटो दिला तर अर्धा वेळ आपलं घर शोधण्यातच जातो. प्रत्येकाला मार्कर द्या आणि नेमकं विचारा: वास कुठे येतो, किती वाजता, वारा कुठून असताना, पाणी कुठे साचतं, मुलं कुठे खेळतात. "रात्री दोननंतर येतो" असं चार जणांनी वेगवेगळं सांगितलं तर ती माहिती सरकारी डेटात तुम्हाला कधीच मिळाली नसती, कारण तिथे बहुतेक वेळा वर्षाची बेरीज असते. हे सगळं नंतर स्कॅन करून वेगळा लेयर (नकाशावर ठेवायचा थर) करायचा आणि मोजलेल्या डेटात मिसळायचा नाही. दोन्हीची किंमत आहे, पण प्रकार वेगळे आहेत.

पायरी ३: डेटा गोळा करा, आणि त्यात काय नाही ते लिहून ठेवा

अमेरिकेत टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी नावाची यादी आहे, कुठल्या कारखान्याने कुठलं विषारी रसायन किती सोडलं त्याची. ही यादी आली ती भोपाळमुळे. १९८४ ची भोपाळ दुर्घटना आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतही एका रासायनिक कारखान्यात झालेली गळती, यातून १९८६ मध्ये कायदा झाला की लोकांना शेजारी काय साठवलंय आणि काय सोडलं जातंय हे कळलं पाहिजे. चांगली गोष्ट आहे, पण तिचे नियम वाचा: १० किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असतील, ठराविक उद्योगात मोडत असेल आणि रसायन ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वापरलं असेल, तरच कारखान्याने माहिती द्यायची. आकडे कंपनी स्वतः भरते आणि बऱ्याचदा ते अंदाजच असतात. म्हणजे गल्लीतलं छोटं प्लेटिंगचं वर्कशॉप, ड्रायक्लीनर, गॅरेज, हे यात दिसणारच नाहीत. नकाशावर तिथे काहीच नाही म्हणजे तिथली हवा स्वच्छ, असं वाचणारा समजणार. म्हणून "डेटा नाही" आणि "शून्य" यांना कायम वेगळे रंग द्या, "डेटा नाही"ला तिरप्या रेघांचा करडा चालतो. हा एक नियम पाळला तरी निम्म्या नवख्या नकाशांपेक्षा तुमचा नकाशा प्रामाणिक होईल.

पत्ते पण तपासा. कारखान्याचा नोंदवलेला पत्ता कधी हेड ऑफिसचा असतो, कधी गेटचा, आणि धुराडं असतं आवारात दुसऱ्या टोकाला. मोठ्या रिफायनरीत हा फरक दोन किलोमीटरचा पण असू शकतो. सॅटेलाइट फोटोवर प्रत्येक बिंदू डोळ्याने बघा, कंटाळवाणं आहे पण पर्याय नाही.

आणि एक अगदी बारीक पण सगळ्यांना रडवणारी गोष्ट. जनगणनेच्या भागांना कोड असतात आणि अमेरिकेत ते राज्याच्या नंबरने सुरू होतात, कॅलिफोर्निया ०६, अलाबामा ०१. फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. मग सेव्ह केलं, क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर, पुढच्या पायरीत येतंय) नकाशाशी जोडायला गेलात की एकही ओळ जुळत नाही, आणि माणूस तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. उपाय सोपा, फाइल इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या.

पायरी ४: प्रोजेक्शन

क्यूजीआयएस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, तेच घ्या. नवीन असाल तर एकच गोष्ट इथे पक्की करा, प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. डाउनलोड केलेला डेटा बहुतेक वेळा ईपीएसजी ४३२६ मध्ये येतो, म्हणजे अक्षांश-रेखांश, युनिट अंश. त्यात "१ चा बफर" (बिंदूभोवती ठराविक अंतराचा घेर) सांगितला तर ते १ अंश घेईल, मीटर नाही. शिवाय रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर साधारण १११ किमी असतो आणि ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा, त्यामुळे तुमचं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहतच नाही, अंडाकृती होतं. म्हणून अंतर किंवा क्षेत्रफळ मोजायच्या आधी सगळे लेयर मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये न्या, तुमच्या भागाचा यूटीएम झोन बघा (जगाचे ६० झोन केलेत, प्रत्येक ६ अंश रुंद) आणि तो लावा. नुसतं प्रोजेक्टचं प्रोजेक्शन बदलून भागत नाही, लेयर नवीन प्रोजेक्शनमध्ये एक्सपोर्ट करावा लागतो. झालं, पुढे चला.

पायरी ५: सीमारेषा कुठली? इथे थांबा, चहा घ्या, विचार करा

फ्लिंट, मिशिगन. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी बदललं, फ्लिंट नदीचं सुरू केलं, आणि त्यात पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं. लोक ओरडत होते, पाण्याचा रंग दाखवत होते, आणि राज्याच्या बाजूने उत्तर येत होतं की मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या आकड्यात काही विशेष दिसत नाही.

का दिसत नव्हतं? कारण आकडे झिप कोडप्रमाणे मोजले होते. झिप कोड टपाल वाटायला बनवलेत, पाणी कुणाकडून येतं याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. पत्त्यात "फ्लिंट" लिहिणारी जवळपास एक तृतीयांश घरं शहराच्या हद्दीबाहेर होती, त्यांना ते पाणी जातच नव्हतं. हिशोब करून बघा, आकडे समजायला म्हणून घेतोय: हद्दीच्या आत १,००० मुलं, त्यातल्या ५० जणांचं शिसं जास्त, म्हणजे ५ टक्के. बाहेर ५०० मुलं, ५ जणांचं जास्त, १ टक्का. दोन्ही एकत्र केलं की १,५०० मध्ये ५५, म्हणजे ३.७ टक्के. कुणी काही लपवलं नाही, कुणी आकडा खोटा लिहिला नाही, तरी ५ चे ३.७ झाले. नुसती रेघ चुकीची निवडल्याने.

बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अतिशा यांच्यासोबत रिचर्ड सॅडलर हे भूगोलवाले होते, त्यांनी झिप कोड बाजूला ठेवून मुलांचे पत्ते एकेक करून नकाशावर बसवले आणि पाणी ज्यांना जात होतं त्यांनाच वेगळं काढलं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये शिसं जास्त असलेल्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेलं निघालं, म्हणजे दुप्पट, आणि हद्दीबाहेर तसा काही ठळक बदल नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी परत बदललं. माझ्या मते या क्षेत्रात नवीन येणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण यात कुठलंही भारी तंत्र नाही, जिओकोडिंग (पत्ते नकाशावर बसवणं) आणि एक योग्य सीमा, बस.

तर तुमच्यासाठी काम काय: त्रास कशातून पसरतो ते आधी ठरवा आणि सीमा त्याप्रमाणे घ्या. पाणी असेल तर पाणीपुरवठ्याची हद्द, पूर असेल तर पाणलोट, हवा असेल तर वाऱ्याची दिशा आणि अंतर. वॉर्ड, झिप कोड, तालुका हे शेवटचे पर्याय. आणि जी सीमा घ्याल ती सोडून आणखी एका सीमेने पूर्ण विश्लेषण परत करा. निकाल टिकला तर छान, उलटला तर लोकांसमोर जायच्या आधी तुम्हालाच कळलं.

पायरी ६: "आत आहे का" नको, "किती जवळ आहे" विचारा

जुनी पद्धत अशी होती की ज्या भागात कारखाना आहे तो भाग बाधित, बाकीचे नाहीत. पण कारखाने बऱ्याचदा भागाच्या कडेलाच असतात, रस्ता किंवा नदी हीच हद्द असते ना, मग रस्त्यापलीकडची वस्ती ५० मीटरवर असून "बाधित नाही" आणि त्याच भागातली चार किलोमीटरवरची कॉलनी "बाधित". २००६ मध्ये पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी अमेरिकेतल्या घातक कचऱ्याच्या जागांवर अंतराची पद्धत वापरून दाखवलं की जुन्या पद्धतीत वांशिक तफावत खऱ्यापेक्षा कमी दिसत होती.

करायचं असं: बिंदूभोवती बफर काढा, एकच नको, ५०० मीटर, १ किमी, ३ किमी असे तीन तरी. मग बफरने जनगणनेचा भाग कापला तर त्यातली लोकसंख्या वाटून घ्या. ४,००० लोकांच्या भागाचं ३० टक्के क्षेत्रफळ बफरमध्ये आलं तर १,२०० लोक धरायचे. यात गृहीत धरलंय की लोक सगळीकडे सारखे पसरलेत, आणि भागात तलाव किंवा गोदामं असतील तर ते साफ चुकीचं आहे. इमारतींचा लेयर मिळाला (ओपनस्ट्रीटमॅपवर बऱ्याच ठिकाणी असतो) तर क्षेत्रफळाऐवजी निवासी इमारतींच्या प्रमाणात वाटा, फरक लगेच दिसतो.

पायरी ७: स्वतः मोजायचं असेल तर

पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत विवेक शांदास म्हणून भूगोलाचे प्राध्यापक आहेत, शहरातल्या उष्णतेवर काम करतात. त्यांच्या पद्धतीत स्वयंसेवक गाडीच्या खिडकीला सेन्सर लावून ठरलेल्या रस्त्यांवरून एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी साधारण तासभर फिरतात. सॅटेलाइट असताना हे कशाला? कारण सॅटेलाइट जमिनीचं, छताचं तापमान मोजतो आणि माणूस श्वास घेतो ती हवा, दोन्हीत दुपारी बराच फरक पडतो. २०२० मध्ये जेरेमी हॉफमन, शांदास आणि निकोलस पेंडलटन यांनी १०८ अमेरिकन शहरांत १९३० च्या दशकातले गृहकर्जाचे जुने नकाशे (ज्यात कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्या लाल रंगवून "धोकादायक" ठरवल्या होत्या) आजच्या उष्णतेवर ठेवून बघितले, हे मात्र सॅटेलाइटवरून. ९४ टक्के शहरांत लाल भाग जास्त गरम, सरासरी फरक २.६ अंश सेल्सिअस. ८० हून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेला नकाशा अजून घाम काढतोय.

हवेचे स्वस्त सेन्सर लावणार असाल तर दोनच गोष्टी. दमट हवेत ते पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) जास्त दाखवतात, त्यामुळे आधी सरकारी मॉनिटरशेजारी काही दिवस ठेवून फरक नोंदवा. आणि वस्तीत जेवढे लावाल तेवढेच तुलनेच्या वस्तीत लावा, नाहीतर पहिल्या पायरीतलं "कुणाच्या तुलनेत" हवेत राहतं.

पायरी ८: रंगवणं

संख्या रंगवू नका, प्रमाण रंगवा. मोठा भाग आहे म्हणून तिथे आजारी माणसं जास्त, याला काही अर्थ नाही. कच्ची संख्या दाखवायचीच असेल तर ठिपके वापरा. वर्गवारी बदलली की तोच डेटा भयंकर किंवा निवांत दिसतो, म्हणून क्वांटाइल (प्रत्येक रंगात सारखेच भाग) आणि समान अंतर (आकड्यांचे सारखे टप्पे) दोन्हीने काढून बघा आणि कुठली निवडली ते लिहा. लाल-हिरवी जोडी टाळा, बऱ्याच पुरुषांना तो फरक दिसत नाही.

सर्व्हेचा डेटा असेल तर त्याची त्रुटी-मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो) बघा. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत (तिथल्या जनगणना खात्याचा नमुना सर्व्हे) एखाद्या छोट्या भागात "गरीब कुटुंबं २००, अधिक-उणे १५०" असं सर्रास असतं, आणि ते ९० टक्के खात्रीचं असतं, म्हणजे खरा आकडा ५० पण असेल, ३५० पण असेल. असा भाग गडद लाल रंगवून त्यावर भाषण ठोकायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. दोन-चार शेजारचे भाग एकत्र करा, मर्यादा कमी होते.

सगळे घटक मिसळून एकच स्कोर काढायचा मोह सगळ्यांना होतो. कॅलिफोर्नियाचं कॅलएन्व्हायरोस्क्रीन तसंच आहे, चौथ्या आवृत्तीत २१ घटक, प्रदूषणाचा गुण गुणिले लोकांच्या नाजूकपणाचा गुण, आणि त्या क्रमवारीवर राज्याचा पैसा वाटला जातो. सरकारला ते परवडतं कारण पैसे कुठेतरी रेघ मारूनच वाटायचे असतात. पहिला नकाशा करणाऱ्याने मात्र यात पडू नये असं मला वाटतं, घटकांना वजन किती द्यायचं यावरच चर्चा संपते आणि धुराडं राहतं बाजूला.

पायरी ९: परत वस्तीत, आणि मग बाहेर

कच्चा नकाशा आधी त्याच लोकांना दाखवा. ते दोन मिनिटांत सांगतात की ही कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद झाली आणि ही शाळा इथे नाहीच. आजारपणाचे बिंदू घरावर ठेवून कधीच छापू नका, जागा थोडी सरकवा किंवा चौकटीत एकत्र करा, आणि चौकटीत अगदी थोडे जण असतील तर ती रिकामी ठेवा. वस्तीला "विषारी" म्हणून छापलं की घरांच्या किमती, भाडी, मुलांची शाळेतली टिंगल, सगळं त्यांना भोगायचंय, तुम्हाला नाही, तेव्हा काय छापायचं आणि कधी, याचा शेवटचा शब्द त्यांचा.

नकाशासोबत एक पान द्या: डेटा कुठून, कुठल्या तारखेला घेतला, सीमा कुठली, बफर किती, काय सुटलंय. आणि मूळ फाइल स्वतःकडे उतरवून ठेवा, नुसत्या लिंकवर राहू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ईजेस्क्रीन हे प्रदूषण आणि लोकसंख्या एकाच नकाशावर दाखवणारं साधन २०१५ पासून सगळ्यांसाठी खुलं होतं, हजारो लोक त्यावर अवलंबून होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते सरकारी साइटवरून काढून टाकलं. बाहेरच्या लोकांनी ते परत उभं केलं ते एवढ्याचसाठी जमलं की कुणीतरी आधीच डेटाची कॉपी करून ठेवली होती. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये "मूळ" नावाचा एक फोल्डर करा, त्यातल्या फाइलला हात लावू नका, आणि त्याची एक कॉपी वस्तीतल्या कुणाकडे तरी पेनड्राइव्हवर देऊन ठेवा.